अक्काच्या छातीतला दाब

आमच्या तालुक्याच्या गावी दर मंगळवारी लातूरहून मशीन घेऊन हृदयाचा इको काढायला जो माणूस यायचा, त्यानं माझ्या अक्काला फसवलं. जे त्याला दिसलं नाही ते दिसलं म्हणून त्यानं लिहून दिलं आणि खाली सही ठोकली. मी बोअरच्या गाड्यांचा एजंट. शून्यातून उभा राहिलो, उभा जन्म समोरच्याचा भाव खाली ओढण्यात गेला. मला कुणी गंडवू शकत नाही अशी माझी खात्री होती.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आई लवकर गेली, तिनंच मला वाढवलं. तुराट्या आणि पऱ्हाट्यांच्या जाळावर तिनं आधी घरच्या भाकरी थापल्या आणि नवरा गेल्यावर बाजारातल्या खाणावळीच्या. खाणावळीचा स्वयंपाक पत्र्याच्या खोलीत, धूर जायला एक दार. तिला दम लागायला लागला म्हणून लातूरला नेलं. तिथल्या छातीच्या डॉक्टरांनी विडी ओढता का म्हणून विचारलं तेव्हा ती म्हणाली, "विडी न्हाई, चूल ओढली." डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी ते लिहून घेतलं.

धुरानं श्वासाच्या नळ्या अरुंद झाल्यात, आत गेलेली हवा पुरती बाहेर येत नाही, त्यामुळं फुफ्फुसं फुगून राहिलीत, असं त्यांनी सांगितलं. त्यांना काळजी वेगळीच होती. अक्काच्या पायांवर सूज होती. फुफ्फुसं अशी झाली की हृदयाकडून त्यांच्याकडं रक्त नेणाऱ्या नळीत दाब वाढतो आणि हृदयाची उजवी बाजू थकते. हा दाब दंडाला पट्टा बांधून कळत नाही. पक्का मोजायचा तर शिरेतून हृदयापर्यंत तार घालावी लागते. ते एवढ्यात नको, आधी बाहेरूनच इकोवर अंदाज घेऊ, असं ते म्हणाले. बोटाच्या चिमट्यावर तिचा ऑक्सिजन अगदी काठावर होता. दाब वाढलेला निघाला तर घरी ऑक्सिजन लगेच सुरू करायचा, नाहीतर थोडं थांबायचं. सगळं त्या एका तपासणीवर अडलं होतं.

इको तिथंच दुसऱ्या दिवशी झाला असता. पण दुष्काळाचं ते दुसरं वर्ष, लॉजवाल्यानं आंघोळीला पाणी नाही असं तोंडावर सांगितलं. मंगळवारी आपल्या गावीच मशीन येतं, कशाला थांबायचं, असा हिशेब मी केला.

त्या मंगळवारी बंद होता. नवा जिल्हा आमच्याच गावाला मिळाला पाहिजे म्हणून मोर्चा निघणार होता. दवाखान्याचं शटर अर्धं खाली ओढलेलं, बाहेर भोंग्यावर भाषण. इकोवाल्याला मोर्चा चौकात यायच्या आत गाडी काढायची होती. त्यानं अक्काला कुशीवर झोपवलं, छातीला जेल लावून बरगड्यांमधून यंत्र फिरवलं. पडद्यावर नुसतं करडं धुकं. दोन-तीन जागा बदलून तो मला म्हणाला, "मामा, छातीत हवा फार आहे. हवेतून लहरी जात नाहीत. दाब मोजण्यासारखं काही दिसत नाही. लातूरला घेऊन या."

मी तापलो. का तापलो ते सांगितलं पाहिजे. आमच्या धंद्यात आकड्याशिवाय पान हलत नाही. पाणाड्या तळहातावर नारळ धरून रानात फिरतो, नारळ उभा राहिला की खूण करतो. मग त्यानं किती फुटांवर आणि किती इंची पाणी ते बोलायलाच पाहिजे, तेव्हा गाडी हलते. मला कळत नाही म्हणणाऱ्या पाणाड्याला त्या रानात कुणी जेवायला बसवत नाही. म्हणून सगळेच आकडा सांगतात. निम्म्या वेळी खाली धुरळा निघतो, ते सोडा. तीच सवय माझ्या अंगात. मी त्याला म्हणालो, "डॉक्टरनं आकडा मागितलाय. आकडा नसलेला कागद मी उचलत नसतो. आन् पेशंटबी उठणार न्हाई."

त्यानं शटरकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. पुन्हा एकदा यंत्र फिरवल्यासारखं केलं आणि लिहिलं, अठ्ठावीस. नॉर्मल. मी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. आपण जिंकलो असंच मला वाटलं, हे कबूल करतो.

लातूरच्या डॉक्टरांनी कागद वाचला. दाब ठीक आहे, तर ऑक्सिजनची घाई नको, म्हणाले. ओढायचा पंप दिला, मीठ कमी करायला सांगितलं आणि तीन महिन्यांनी बोलावलं.

तो उन्हाळा मी घरी नव्हतोच. आज लोहा, उद्या मुरुड, जिथं गाडी उभी तिथं मी. अक्काचा फोन आला की तेच. आंघोळ केली तरी दम लागतो, पाय भरून आलेत. मी म्हणायचो, रिपोर्ट नॉर्मल आहे, तू उगीच भिऊन राहिलीस. एकदा ती म्हणाली, "आरं, त्या कागदाला दम लागत न्हाई. मला लागतो." मला राग आला. पडून राहिल्यानं शरीर गंजतं, टँकर आला की शेजारणीला सांगू नको, स्वतः जाऊन घागर भर, असं मी तिला सुनावलं. तीन महिन्यांची तारीख आली तेव्हा मी कामात होतो. नॉर्मल तर आहे, म्हणून तीही पुढं ढकलली.

तिनं माझं ऐकलं. चौथ्या महिन्यात ती टँकरच्या रांगेत खाली बसली, तिला उठताच येईना. बायकांनी तिला चाकाला टेकवून बसवलं. ओठ निळे पडले होते. माझी गाडी तेव्हा नांदेडकडं होती, म्हणून मी अक्काला तिकडंच आणायला लावलं.

नांदेडला इको काढणारी डॉक्टर बाई तरुण होती. बरगड्यांमधून तिलाही काही दिसलं नाही, आणि तसं तिनं सरळ सांगितलं. मग तिनं अक्काला उताणं झोपवलं, गुडघे वर घेतले आणि यंत्र छातीच्या हाडाखाली, पोटाच्या वरच्या टोकाला दाबून वर तिरकं धरलं. आडवं झालं की अक्काला गुदमरायचं. बाई तिला उठवून बसवायची, पाठीवर हात फिरवायची, पुन्हा झोपवायची. "मावशी, श्वास घ्या. आता धरा." असं अर्धा तास चाललं. शेवटी पडद्यावर दाब काढता येईल अशी एक रेघ स्वच्छ आली. दाब साठच्या वर, हृदयाची उजवी बाजू मोठी झालेली.

मी तिच्यापुढं जुना कागद टाकला. बाईनं तो दोनदा वाचला आणि विचारलं, त्यानं पोटाकडून बघितलं होतं का? नाही म्हणालो. तिनं आवाज चढवला नाही. "मामा, माझा आकडाही अंदाजच आहे, थोडा इकडंतिकडं असेल. पण तो दिसलेल्यावरून काढलाय. दिसत नसेल तेव्हा 'दिसलं नाही' असं लिहायचं असतं. मग डॉक्टर दुसऱ्या वाटेनं शोधतात."

आता अक्काच्या नाकात नळी असते. ऑक्सिजनचं मशीन दिवसातले बरेच तास चालू. ती दारापर्यंत जाते आणि परत येऊन खाटेवर बसते. ऑक्सिजन चार महिने आधी लागला असता तर किती फरक पडला असता, हे कुणी छातीवर हात ठेवून सांगत नाही. पण त्या चार महिन्यांत तिला घागर घेऊन मी पाठवलं, हे मला माहीत आहे. तिच्यापुढं मी ते बोललोय. तिनं तोंड फिरवून नळी सारखी केली.

नांदेडहून आल्यावर पहिल्याच मंगळवारी मी दोन्ही कागद घेऊन त्या इकोवाल्याकडं गेलो. त्यानं मला ओळखलं. म्हणाला, "मी सांगितलं होतं दिसत नाही म्हणून. आकडा तुम्हीच मागितला."

"हाव, मागितला. मी मागणारा माणूस, काय वाट्टेल ते मागीन. पण तू दिला कसा?"

त्यानं पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

मी भांडखोर आहे, अडाणी आहे, आणि त्या दिवशी मी आडवा लागलो. माझा वाटा मी उचलला. पण यंत्र चालवायला मी शिकलो नव्हतो, तो शिकला होता. कागदावर सही माझी नाही. त्यानं अक्काच्या खाटेपुढं यावं, तिच्या तोंडाकडं बघावं आणि सांगावं, तो अठ्ठावीस त्यानं कुठून आणला?