पोपटाच्या पिंजऱ्यातले उंदीर

आमच्या घरात उंदीर पाळणं म्हणजे पोलिसाच्या घरात चोराला जेवायला बसवण्यासारखं. तालुक्याचं गाव वडसा इथून जवळ. आमचं गाव धानाचं, घर धानाचं. पुढच्या दोन खोल्यांत मी, बायको आणि सातवीतली मुलगी. मागच्या भागात मोठा भाऊ, वहिनी आणि धानाच्या ढोल्या. ढोली म्हणजे बांबूची, शेणानं लिंपलेली, माणसाच्या उंचीची कणगी. भाऊ शेती करतो, मी वडशाच्या कॉलेजात मराठी शिकवतो. ढोलीच्या खोलीत कुठे बारीकसं भोक दिसलं की भाऊ त्यात काचेचा चुरा आणि सिमेंट भरतो. ‘बोट गेलं की उंदीर गेला’ हे वाक्य मी बाराखडीच्या आधी शिकलो असेन.

दिवाळीच्या सुट्टीत मुलीला नागपूरच्या मावशीनं दोन पांढऱ्या उंदीरमाद्या दिल्या. भोकं पाडलेल्या बुटांच्या खोक्यातून त्या आल्या. डोळे लाल, कान एवढे पातळ की उजेड आरपार दिसे. बायकोनं नाक मुरडलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्यासाठी काकडी कापली. भाऊ बराच वेळ खोक्यात बघत उभा राहिला.

“आता इकडे उंदीर पोसाचे अन् तिकडे माराचे,” तो म्हणाला. “अभ्यास लय झाला वाटते तुमचा.”

हे वेगळे आणि ते वेगळे, असं मी त्याला हसत समजावलं. वाक्य चांगलं जमलं असं तेव्हा वाटलं होतं.

खोकं दोन दिवसांत कुरतडून झालं. पिंजरा घ्यायला मी मुलीला घेऊन वडशाच्या बाजारात गेलो. उंदरांचा पिंजरा म्हटलं की दुकानदार काढून दाखवी तो पकडायचा. ठेवायचा पाहिजे, असं सांगितल्यावर एकानं माझ्याकडे सहानुभूतीनं पाहिलं. शेवटी भांड्यांच्या एका दुकानात छताला टांगलेला पोपटाचा पिंजरा दिसला. पितळी रंगाचा, वर घुमट, घुमटावर कळस, आत झोका. पोपट पाळणं गुन्हा आहे हे लोकांना कळल्यापासून तो तिथेच लटकत असावा. दुकानदारानं फडक्यानं पुसून खाली उतरवला तेव्हा घुमट चमकला.

मी सत्काराची शाल नाकारणारा माणूस आहे. गावातल्या प्रत्येक फलकावर, प्रत्येक फीत कापण्यावर मी काही ना काही बोललेलो आहे, काही ठिकाणी लिहिलेलंही आहे. पण त्या आठवड्यात गावची मंडई होती. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, रात्री नाटक होतं, घरोघरी पाहुणे उतरतात. माझ्याकडे नागपूरचे दोन वाचणारे मित्र येणार होते. पुढच्या खोलीत, पुस्तकांच्या कपाटाशेजारी, घुमटाखाली दोन पांढरे उंदीर. त्यावर मी काय बोलेन तेही मनात तयार होतं.

मुलगी पिंजऱ्याभोवती फिरली. मग तिनं दोन गजांमध्ये तर्जनी घातली. बोट मुळापर्यंत आत गेलं.

“बाबा, याच्यातून बोट जाऊन राह्यलं.”

दुकानदार म्हणाला, उंदीर फुगतील, खाऊन-पिऊन जाड होतील. मी त्याच्याहून वरचढ बोललो. हे शहरात जन्मलेले उंदीर आहेत, म्हणालो, यांच्या सात पिढ्या पिंजऱ्यात गेल्या, यांना पळणं म्हणजे काय ते ठाऊकच नाही. मुलीनं बोट काढून घेतलं. माझं बोलणं तिला पटलं नव्हतं. पण मी वडील होतो, आणि वर मास्तर.

शेजारच्या दुकानात खिडकीला लावायची बारीक जाळी होती. ती मी पाहिली होती. तिची पेटी करून घेता आली असती. पण ती कोंबड्यांच्या खुराड्यासारखी दिसली असती.

पिंजरा लावायला आम्ही पूर्ण दुपार घेतली. तळाशी वर्तमानपत्र घातलं. एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाची रंगीत पुरवणी मी मुद्दाम निवडली आणि शुभेच्छुकांचे चेहरे वर येतील अशी पसरली. त्यावर मुलीनं धानाचं वाळकं तणीस बारीक कापून टाकलं, लपायला अर्धी करवंटी पालथी घातली, पाण्याला वाटी ठेवली. झोका राहू दे, असं मी म्हणालो. उंदीर सोडले तेव्हा ते थेट करवंटीत शिरले. भाऊ दारातून म्हणाला, फीत कापाले आमदार बोलवाचा रायला का? मी दाराला छोटंसं कुलूपही आणलं होतं. ते लावून किल्ली मुलीच्या हातात दिली.

त्याच संध्याकाळी माझ्या पुस्तकांच्या फळीवरून एक काळा घरउंदीर पळाला. नवं धान घरात आलं की ते येतातच. पण पाहुणे येणार होते. मी मागे जाऊन भावाला म्हणालो, औषध ठेव, पुढच्या खोलीतही ठेव. तो कणकेच्या गोळ्या करतच होता. पुढे कशाला, तिकडे तुमचे पांढरे पाहुणे हायेत, असं त्यानं विचारलं. ते कुलुपात आहेत, असं मी सांगितलं.

सकाळी कुलूप जसंच्या तसं होतं. झोका स्थिर होता. करवंटी मुलीनं बाहेरूनच काडीनं उलटी केली. खाली कोणी नव्हतं.

ती रडली नाही. ती धावत मागे गेली. “मोठेबाबा, औषध कुठी कुठी ठेवलं?”

माझ्या भावानं जन्मभर उंदीर मारले आहेत. त्या सकाळी तो लुंगी खोचून जमिनीवर पालथा झाला आणि कपाटांखाली, पेट्यांमागे, ढोल्यांच्या बुडाशी हात घालून एकेक गोळी काढू लागला. कुठे ठेवली ते त्याच्या लक्षात होतं. वहिनी सूप घेऊन मागे, त्यात तो गोळ्या टाकत होता. मी बॅटरी धरली होती. दुसरं काही करण्याजोगं माझ्याकडे नव्हतं. माझ्या कपाटामागची गोळी मात्र जागेवर नव्हती. भावानं दोनदा हात फिरवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, “घरच्यानंबी नेली असन.” म्हणजे त्या काळ्यानं. मला तो वाचवू पाहत होता हे मला कळलं, आणि त्यानं आणखीच वाईट वाटलं.

एक मादी ढोलीमागच्या कोंड्यात सापडली. मुलीनं दोन्ही हातांची ओंजळ तिच्यापुढे ठेवली आणि ती आपण होऊन चढली. दुसरी दुपारच्या सुमारास न्हाणीत सापडली, मोरीच्या तोंडाशी, पाण्याजवळ, थंड पडलेली. औषध खाल्लेला उंदीर पाण्याकडे जातो, हेही मला लहानपणापासून ठाऊक होतं. मी तिला बघितलं, आणि मुलगी यायच्या आत काहीतरी करावं असं मनात आलं. उचलून शेतात टाकावं, पळून गेली म्हणावं. पण मुलगी माझ्या मागेच उभी होती.

परसात पपईच्या झाडाखाली भावानं खड्डा केला. मुलीनं तिला तणसात गुंडाळून ठेवलं. मी घसा साफ केला. अशा प्रसंगी दोन शब्द बोलायची सवय आम्हा मास्तर लोकांना असते, दुसऱ्यांच्या त्याच सवयीवर मी आयुष्यभर हसत आलो आहे.

“नका बोलू, बाबा,” मुलगी म्हणाली.

माझ्या चुकीवर तिनं एकदाही बोट ठेवलं नाही. मी त्याची वाट पाहिली. तू सांगितलं होतंस, असं मीच एकदा म्हणालो, तर ती ‘हो’ एवढंच म्हणाली आणि टब शोधायला गेली. बायकोनं मोठा पारदर्शक प्लास्टिकचा टब रिकामा करून दिला. मी वडशाला जाऊन ती बारीक जाळी आणली. भावानं ती टबाच्या तोंडावर तारेनं ताणून बसवली, कडा बाहेरच्या बाजूला मुडपल्या, म्हणजे मादीच्या तोंडाला टोचणार नाहीत. काम चालू असताना मुलगी प्रत्येक कोपऱ्यात करंगळी घालून बघत होती. एका जागी टोक शिरलं. भावानं तार सोडली आणि पुन्हा बसवली.

रिकामा पिंजरा काढून ठेवायचं कोणाला सुचलं नाही. दोन दिवसांनी मित्र आले तेव्हा तो कपाटाशेजारी तसाच होता, आणि खाली टब. नाटकाला निघण्यापूर्वी चहा झाला. एकानं घुमटावरून हात फिरवला, कारागिरीचं कौतुक केलं, आणि विचारलं, एवढा देखणा पिंजरा असून बिचारीला प्लास्टिकमध्ये का ठेवलंय?

मुलगी टबाशी बसून पाणी बदलत होती. तिचा हात थांबला. मी काय बोलेन ते तिला ऐकायचं होतं. असल्या प्रश्नाला माझ्याकडे एरवी चार उत्तरं असतात.

“याच्यातून बोट जातं,” मी म्हणालो.

मित्र हसले, त्यांना वाटलं पुढे काहीतरी येणार आहे. पुढे काही आलं नाही. मुलीनं वाटी आत ठेवली.

दुसरी मादी आणू या का, ही एकटी पडली, असं मी तिला नंतर विचारलं. आत्ता नको, म्हणाली. आता रोज झोपण्यापूर्वी टबाची जाळी मी तपासतो. चारही कडांवरून करंगळी फिरवतो, तार ओढून बघतो. माझं झालं की मुलगी उठते आणि पुन्हा एकदा तपासते.