शिंगाची ओ

सरकारी कागदात जोतीराम आंबीचं नाव एकदाच आलं, आणि ते माझ्या अक्षरात आहे. माझं अक्षर चांगलं होतं. त्या सगळ्या प्रकरणात माझं तेवढंच चांगलं होतं.

१९४९ साली मी वारणेच्या वरच्या अंगाला, शिंगणेपेठेच्या महालकरी कचेरीत कारकून होतो. महालकरी म्हणजे मामलेदाराचा धाकटा भाऊ. अधिकार थोडे कमी, रुबाब काकणभर जास्त. त्याच पावसाळ्यात साताऱ्याचे दोन जिल्हे झाले. आमची पेठ दक्षिण साताऱ्यात आली, म्हणजे आमचे वरचे साहेब आता सांगलीला बसणार. नदीपलीकडची कडेवाडी मात्र उत्तर साताऱ्यात राहिली. जोतीरामला ही वाटणी मी समजावून सांगितली, तर तो म्हणाला, "मग भाऊसाहेब, नाव मधोमध आली म्हंजे मी कुनाचा?" मी हसलो. तेव्हा अशा गोष्टींचं हसू येत होतं.

आंबी म्हणजे पिढीजात नावाडी. जोतीरामच्या आज्यापासून पेठेची नाव त्यांच्या घरात. माणूस पन्नाशीचा, काटक, बोलायला कमी आणि चेष्टेला तिखट. उन्हाळ्यात पाणी आटलं की तो नावेचं बूच काढून तिला डोहात बुडवून ठेवायचा, फळ्या तडकू नयेत म्हणून. बायको लवकर गेली. लेक विजयमाला नावेतच लहानाची मोठी झाली. ती सात वर्षांची असताना वल्हं तिच्या दुप्पट उंचीचं होतं, तरी ते हातात घेतल्याशिवाय ऐकायची नाही. पुढं तिला कडेवाडीत दिली. दुसरीकडून चांगली दोन स्थळं आली होती, जमीनजुमल्याची. जोतीराम म्हणाला, "लेक शिंग ऐकू येईल एवढ्यावरच द्यायची." आणि तशी दिली.

हे शिंग काय ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. पावसाळ्यात नदीचा गोंगाट एवढा असतो की या काठाची हाक त्या काठाला पोचत नाही. म्हणून पलीकडच्यांनी पितळी परात बडवायची आणि अलीकडून आंबीनं शिंग फुंकायचं. परात ही हाक, शिंग ही ओ. ओ दिली की आंबी येणार, मग त्याच्या घरात मयत का पडेना. आणि ओ ऐकली की पलीकडच्यांनी उतारावरून, म्हणजे नाव लागते त्या जागेवरून, हलायचं नाही, दुसरी वाट धरायची नाही, कारण माणूस त्यांच्यासाठी जिवावर उदार होऊन निघालेला असतो. तो पोचला आणि काठ मोकळा दिसला, असं होता कामा नये. तीन पिढ्यांत ओ देऊन आंबी आला नाही, असं एकदाही झालं नव्हतं.

बेचाळीसच्या धामधुमीत फौजदारानं भूमिगतांच्या मागावर जायला नाव मागितली. जोतीरामनं ऐन पावसाळ्यात रातोरात बूच काढलं, नाव दगडं भरून डोहात बसवली आणि सकाळी तोंड वर करून सांगितलं, "व्हाऊन गेली, सरकार." चावडीवर त्याला पालथा पाडून तळव्यांवर झोडपला. उजव्या पायाची दोन नखं पुन्हा धड आलीच नाहीत. पोलीस गेल्यावर पठ्ठ्यानं नाव वर काढली. स्वातंत्र्याच्या दिवशी तिच्या टोकाला झेंडा बांधून तो दिवसभर लोकांना उगाचच या काठावरून त्या काठावर नेत होता. मी विचारलं, "आता कोणी नाव मागितली तर?" म्हणाला, "आता कोन मागनार वं? आपलंच सरकार. मागितली तर देऊ की."

त्या श्रावणात सात दिवस पाऊस थांबला नाही. आठव्या दिवशी उजाडताना पेठेत पाणी शिरलं. कचेरीला ओढ्यानं मागून आणि नदीनं पुढून वेढा घातला. आणि त्याच सुमारास पलीकडून परात वाजू लागली. नेहमीसारखी थांबून थांबून नाही, एकसारखी. कडेवाडीच्या माथ्यावरचा डोंगर रात्री फाटला होता, घरांच्या भिंतींना भेगा गेल्या होत्या, हे आम्हाला मागाहून कळलं. जोतीरामला परातीवरूनच कळलं. त्यानं शिंग उचलून एक लांब ओ दिली, आणि नावेचा दोर सोडायला वाकला.

एवढ्यात आमचे रावसाहेब महालकरी छत्री सावरत आले. बरोबर दोन शिपाई आणि मी.

"जोतीराम, सरकारी आपत्ती आहे. नाव कचेरीच्या कामी लागली. दप्तर शाळेच्या टेकाडावर हलवायचं."

"रावसाहेब, ओ दिलीया. पल्याड मानसं बसल्याती."

"एक खेप. फक्त एक खेप कर आणि मग खुशाल जा. जिल्ह्याचं नवं दप्तर आहे बाबा, भिजलं तर उद्या कडेवाडीची जमीन कुणाची हे सांगायला कागद उरणार नाही. माझा शब्द आहे."

जोतीराम नदीकडे बघत उभा राहिला. पाणी चढत होतं, पण अजून त्याच्या हातातलं होतं. त्याच्या जागी बेचाळीसचा जोतीराम असता तर बूच काढून मोकळा झाला असता. त्यानं दोर आपल्या हातानं शिपायाच्या हातात दिला. "एक खेप," तो म्हणाला. "शब्द तुमचा हाय."

एका खेपेत रुमालात बांधलेली दप्तराची सगळी गाठोडी गेली. परत आला तर तिजोरी उभी. तीही नेली. तिसऱ्या खेपेला रावसाहेबांचं बिऱ्हाड निघालं: बाईसाहेब, मुलं, पलंगाचे खूर आणि लोणच्याच्या पाच बरण्या. एक बरणी मांडीवर घेऊन मीच बसलो होतो. हे लिहिताना मला लाज वाटते, पण बरणीच मांडीवर होती. ओढ्याच्या तोंडाशी जोतीरामचं वल्हं कशात तरी गुंतलं. त्यानं वाकून ते सोडवलं, पाण्यात क्षणभर बघितलं आणि पुन्हा वल्हवू लागला.

टेकाडावर सामान उतरलं. "आता जातो," असं म्हणत त्यानं नाव फिरवली, तर रावसाहेबांनी तिचा दोर झाडाला बांधायला लावला. सांगलीहून प्रांतसाहेब पूर पाहायला निघालेत असा सांगावा काल संध्याकाळी आला होता. साहेब केव्हाही येतील, त्या वेळी काठावर नाव नसली तर पाहणी कशातून करायची? शिवाय पाणी चढलंय, अशा पाण्यात सरकारच्या ताब्यातली नाव धोक्यात घालता येत नाही. दोन शिपाई दोराशी बसले.

"आवं, पण शब्द दिलासा!"

"कडेवाडी आपल्या जिल्ह्यात नाही, जोतीराम. उत्तर साताऱ्याला तार केली आहे. तिकडून लष्कराची माणसं येतील. विचार या भाऊसाहेबांना."

आता माझं सांगतो. तार मीच लिहिली होती, पहाटे, पलीकडच्या वाडीला पुराचा धोका आहे अशी, सुंदर अक्षरात. ती घेऊन पोस्टात गेलो तर मास्तर म्हणाले, रात्रीपासून तारा पडल्यात. मी कागद फायलीला लावून ठेवला. रावसाहेबांनाही तसं सांगितलं होतं. ते म्हणाले, "ठीक आहे, कळवल्याची नोंद झाली ना?"

जोतीराम माझ्याकडे वळला. अंगावरून पाणी निथळत होतं. "भाऊसाहेब, तुमी सांगा. तार गेली का?"

रावसाहेब माझ्याकडे बघत होते. माझ्या कायम होण्याचा कागद त्यांच्याच टेबलावर होता. तासाभरात तारा जोडतीलच, असंही मी मनाला सांगितलं. माणूस खोटं बोलण्याआधी मनाला काय वाटेल ते सांगतो.

"गेली," मी म्हणालो.

जोतीराम झाडाखाली जाऊन बसला. परात वाजतच होती.

प्रांतसाहेब दोन वाजता आले. रेनकोट चांगला होता. नावेत उभं राहून त्यांनी पेठेभोवती एक चक्कर मारली, किती दप्तर वाचलं ते विचारलं आणि "उत्तम" म्हणाले. मध्येच कान देऊन म्हणाले, "पलीकडे कसली पूजा चालू आहे?"

रावसाहेब म्हणाले, "पलीकडचे लोक आहेत, साहेब. उत्तर सातारा."

"मग तिकडचे कलेक्टर पाहतील."

वल्हं जोतीरामच्या हातात होतं. त्यानं ते पाण्यातून काढलं, पुन्हा घातलं. त्या क्षणी नाव सरळ पलीकडे घातली असती तर त्याला कोण अडवणार होतं? प्रांतसाहेबांसकट गेला असता. हे मी त्याला पुढे एकदा विचारलं. म्हणाला, "साहेबाला पवता येत नसंल. नावंतला मानूस माझ्या भरवशावर बसतो, भाऊसाहेब." जगातला सगळा भरवसा त्यानं एकट्यानंच पाळायचा होता.

साडेतीनच्या सुमारास डोंगर आला. आभाळ गडगडल्यासारखं झालं, पण ते थांबेना. कडेवाडीच्या मागचा हिरवा डोंगर तांबडा झाला आणि उतारापर्यंत घसरत आला. परात बंद पडली. त्या दिवशी सकाळपासून पहिल्यांदाच मला नदीचा आवाज ऐकू आला.

जोतीरामनं शिपायांना बाजूला ढकलून विळ्यानं दोर कापला. ज्या पाण्यात नाव जाणार नाही असं साहेब लोक सांगत होते, त्याच पाण्यात त्यानं ती वरच्या अंगानं तिरकी घातली. अंधार पडायच्या आत तीन खेपा केल्या. उतारावर एकोणतीस माणसं बसली होती. त्यानं अठरा आणली. विजयमाला त्यांत नव्हती.

तिची सासू बनुबाई शेवटच्या खेपेला आली. चिखलानं माखलेली, पदराखाली परात तशीच धरलेली. टेकाडावर रावसाहेबांनी चहाचं आधण ठेवायला सांगितलं होतं. आपत्तीत मदत करायची असते एवढं त्यांना माहीत होतं. बनुबाईनं चहा घेतला नाही. ती जोतीरामपुढं उभी राहिली.

"आमी खिंडीनं वर देवळाकडं निघालो व्हतो, आबा. निम्मी मानसं चढलीबी व्हती. तवर तुमचं शिंग वाजलं. तुमची लेकच म्हनली, आबानं ओ दिली, आता आबा येनार, फिरा माघारी. तिनंच समद्यास्नी फिरीवलं. दुपारी म्या म्हनलं, चला आता वर जाऊ. तर म्हनली, न्हाई आत्याबाई. आबा येऊन मोकळा काठ बघंल, तर त्येला काय वाटंल?"

जोतीराम खाली बसला. त्यानं दोन्ही हातांनी आपलं तोंड झाकलं नाही की टाहो फोडला नाही. तो फक्त म्हणाला, "बराबर हाय. ओ दिली व्हती." मी पाच पावलांवर उभा होतो. रावसाहेब मला हळूच म्हणाले, "अहवालात कडेवाडीचा उल्लेख नको. आपल्या हद्दीतली जीवितहानी निरंक." आणि मी तसं लिहिलं.

पुढच्या स्वातंत्र्यदिनी कचेरीच्या पटांगणात त्याला प्रशस्तिपत्र देण्यात आलं. 'अतिवृष्टीच्या प्रसंगी सरकारी दप्तर सुरक्षित स्थळी हलविण्याच्या कामी बजावलेल्या सेवेबद्दल.' मजकूर माझा, अक्षर माझं. रावसाहेबांची तोवर बढती झाली होती. मी कायम झालो होतो. जोतीरामनं कागद दोन्ही हातांनी घेतला, नमस्कार केला आणि घडी घालून मुंडाशात खोवला. नाकारेल असं मला वाटलं होतं, खरं तर त्यानं नाकारावा अशी आशा होती. ज्यानं फौजदाराला फसवलं त्यानं तोंडावर फेकून मारला असता तर माझं ओझं थोडं कमी झालं असतं.

संध्याकाळी मला पलीकडे जायचं होतं. वाचलेली कडेवाडी आता खिंडीत वर वसली होती आणि पंचनाम्याचा एक कागद तब्बल वर्षानं दोन्ही जिल्ह्यांत फिरून सहीसाठी आला होता. नावेत आम्ही दोघंच. मध्यावर आलो आणि माझ्याच्यानं राहवेना.

"जोतीराम, त्या दिवशीची तार... ती गेली नव्हती. तारा तुटल्या होत्या."

"ठावं हाय."

"कधी कळलं?"

"तवाच. तिसऱ्या खेपंला ओढ्याच्या तोंडाशी माझं वल्हं गुतलं व्हतं, तुमी बरनी धरून बसला व्हतासा, तवा. तारच व्हती ती. खांबासकट आडवी पडल्याली."

"मग मला विचारलंस कशाला? आणि मी 'गेली' म्हणालो तेव्हा गप्प का बसलास?"

तो वल्हं मारत राहिला. पलीकडच्या उतारावर कुणीतरी परात बडवू लागलं. शिंग त्याच्या पायाशी होतं. त्या दिवसापासून नावेत असायचं, पण त्यानं ते पुन्हा तोंडाला लावलं नव्हतं. हाक आली की न बोलता नाव सोडायचा, आणि लोक तो येतोय की नाही ते डोळ्यांवर हात धरून बघत बसायचे.

"तुमी गेली म्हनालासा," तो म्हणाला. "तुटल्याली तार म्या डोळ्यानं बघितली व्हती. तरीबी वाटलं, आता आपलं सरकार हाय. त्येची दुसरी तार आसंल."

काठ आला. त्यानं उतरून नाव धरली आणि मला हात दिला, कारण दगड निसरडे होते.