मेंगबुवांचं पाण्याचं घड्याळ

नदीच्या उतारावर माझी खानावळ आहे. होडीची वाट बघत बसलेल्या रिकामटेकड्यांना करमणूक लागते, आणि मेंगबुवांना डिवचण्याइतकी स्वस्त करमणूक दुसरी नव्हती.

"काय बुवा, तुमच्या घड्याळात पाणी होतं की दारू?" एवढं कोणी म्हटलं की झालं. बुवा सूपभाताचा वाडगा ओट्यावर आपटायचे, दाढी थरथरायला लागायची. "माझं घड्याळ एक थेंबसुद्धा चुकलं नव्हतं!" मग अर्धा तास कोणाचं काही चालायचं नाही.

बुवा एकेकाळी हान्यांगच्या राजवाड्यात तारे बघायचे. पाण्याचं घड्याळही त्यांच्याच ताब्यात. त्यावरून अख्ख्या राजधानीची पहाटेची घंटा व्हायची, वेशी उघडायच्या. एका हिवाळ्यात सूर्यग्रहण सांगितलेल्या वेळेच्या आधीच लागलं. राजा अजून ग्रहणाच्या विधीचे पांढरे कपडे चढवतोय, ढोलवाले जागेवर नाहीत, आणि वर सूर्याचा लचका तुटलेला! गणित चुकलं होतं वरच्या साहेबाचं. पण तो पडला मोठ्या घरचा. त्याने घड्याळ मागे पडलं म्हणून सांगितलं नि मोकळा झाला. बुवांना फटके बसले, अधिकाराची टोपी काढून घेतली, हाकलून दिलं. तेव्हापासून पाठीवर गाठोडं घेऊन गावोगाव पत्रिका जुळवायच्या, हरवलेले बैल कुठे सापडतील ते सांगायचं, आणि थंडी पडली की माझ्या चुलीपाशी येऊन बसायचं.

बैलांच्या बाबतीत ते बेधडक थापा मारायचे, मीच कितीदा पकडलंय. पण वेळेच्या बाबतीत खोटं? छे! जीव गेला तरी नाही.

माझी लेक गोप्तान त्याच हिवाळ्यातली. तेव्हा आम्ही हान्यांगलाच राहायचो. पहाटेची घंटा सुरू झाली आणि पोरगी बाहेर आली. सुईणीने ते कौतुकाने चारचौघांत सांगितलं, मेलीच्या जिभेला हाड नव्हतं. आमच्याकडे वर्षांना नि दिवसाच्या वेळांना जनावरांची नावं; वर्ष वाघाचं, आणि घंटा झाली ती वेळही वाघाची. अजून जरा थांबली असती तर सशाची वेळ लागली असती. पण माझीच लेक ती, थांबते कशाला!

पोरगी मोठी झाली. पलीकडच्या गावच्या मीठवाल्या ह्वांगबाईच्या चिसूवर तिचं मन बसलं, त्याचंही हिच्यावर. ह्वांगबाई राजी होती. मग बाजारातल्या कोण्या आंधळ्या ज्योतिष्याने तिचे कान भरले, "दुहेरी वाघीण घरात आणताय बाई, नवऱ्याला वर्षात खाईल." ह्वांगबाई तरुणपणीच नवरा गमावलेली, एकुलता एक मुलगा. तिला तरी काय बोल लावू? तिने निरोप धाडला, तुमच्याकडचे राजवाड्यातले बुवा काय म्हणतात ते ऐकते, तेही तेच म्हणाले तर सोयरीक मोडली.

गोप्तानने अन्न टाकलं. मी सकाळीच मुळे चिरत बसले होते, ते तसेच टाकून बुवांपुढे हात जोडले.

"बुवा, एवढी वेळ बदला. तुमच्या एका शब्दाने पोरगी जगेल."

"मावशी, काहीही मागा. पण सगळ्या शहराने ऐकलेली घंटा होती ती, आणि ती माझ्या घड्याळावर झाली."

"बैलांच्या वेळी बरी जीभ वळते!"

"बैल माझे नव्हते. घड्याळ माझं होतं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, आजपासून चूल दुसरीकडे शोधा. एवढं मी बोलले, आता आठवलं की जीव जळतो.

दुपारी ह्वांगबाई आली. ओट्यावर होडीवाले, फेरीवाले, सगळे कान टवकारून बसलेले. बुवांनी दोन्ही पत्रिका उलगडल्या. वाकून बोटाने एकेक ओळ वाचू लागले. दाराआडून गोप्तानचा हुंदका ऐकू आला, तशी त्यांनी मान वर केली.

"ही वेळ चुकीची आहे."

"चुकीची कशी?" ह्वांगबाई म्हणाली. "राजाची घंटा खोटी?"

"घंटा उशिरा झाली. त्या हिवाळ्यात घड्याळ मागे पडत होतं. पोरगी सशाच्या वेळेला जन्मली आहे. पत्रिका चांगली जुळते."

"आणि आजवर छाती ठोकून सांगत होतात ते?"

"खोटं सांगत होतो. मी झोपायचो, भांड्यात पाणी कमी पडायचं. मला फटके मारले ते योग्यच केलं."

मग एक होडीवाला फिदीफिदी हसला. "अरे वा बुवा! शेवटी दारूच होती म्हणा की!" सगळे खिदळायला लागले. बुवांनी वाडगा आपटला नाही. खाली बघून गाठोडं बांधत बसले. ह्वांगबाई मात्र सुटकेचा निःश्वास टाकून म्हणाली, "एवढी नाचक्की ओढवून घेऊन कोणी खोटं बोलेल का? चला विहीणबाई, तारीख धरू."

लोक पांगल्यावर मी सूपभात वाढून नेला. "बुवा, खरंच मागे पडलं होतं?"

"एक थेंबसुद्धा नाही," ते हळूच म्हणाले. "पण मावशी, ह्वांगबाई आणि मी आहोत तोवर हे कोणाला सांगायचं नाही."

मी पदरात तोंड खुपसून रडले.

पुढे सगळी वर्षं तो होडीवाला विचारायचा, "काय बुवा, झोप झाली का?" आणि बुवा मान डोलवायचे. "झाली." एकदा तर मी पळी फेकून मारली त्या मेल्याला, कपाळावर अजून खूण आहे. तो विचारतो, मावशी, मी केलं काय? काय सांगणार कपाळ!

ह्वांगबाई नातवंडं खेळवून सुखाने गेली. चिसू चांगला धडधाकट आहे, पोट सुटलंय. या हिवाळ्यात बुवाही गेले, माझ्याच चुलीपाशी. टेकडीवर पुरलं त्यांना. गोप्तानने आणि मी थडग्यावर तांदळाची दारू ओतली. मग मी उतारावर आले, ओटा गच्च भरला होता, त्या होडीवाल्याच्या पुढ्यातला वाडगा उचलला आणि आपटला.

"ऐका रे मेल्यांनो! बुवांचं घड्याळ एक थेंबसुद्धा चुकलं नव्हतं!"