अकोल्याचा कूलर समुद्राकाठी

थांबा, हे आत्ताच सांगतो, नाहीतर मले जेवण जाणार नाही. समुद्राकाठच्या शहराचं हवामान म्हणजे शुद्ध फसवणूक आहे, अन् त्या हवामानानं माह्या आईले माझ्यापाशी राहू दिलं नाही.

झालं असं. नोकरी लागली तसा मी अमरावती सोडून तिकडं गेलो. बाबा गेल्यापासून आई घरी एकटीच. मी मागंच लागलो, चल माझ्यासंग. ती म्हणे, "उन्हाळ्यात येऊन पाहीन. झोप लागली तर राहीन, नाहीतर मले ओढू नको." एवढीच अट.

तिकडचे लोक आपल्या उन्हावर हसतात ना, त्याचा मले भयंकर राग येते. ऑफिसात विचारतात, "पंचेचाळीसमध्ये तुम्ही जिवंत कसे राहता?" अन् स्वतः तेहतीसमध्ये आंघोळीतून निघाल्यासारखे टपटप गळून राहिले. आपलं ऊन थापड मारते, पण समोरून मारते. त्यायचं मागून येऊन चिकटते. बरणीतल्या मिठाचा दगड, पापड मऊ, बुटांत हिरवी बुरशी. हिवाळा म्हणाल तर पंखा एक नंबरनं कमी करायचा, झाला हिवाळा. त्यातबी लोक मफलर घालतात, बावा.

तर आईचं यायचं ठरलं अन् अकोल्याच्या मामानं ट्रान्सपोर्टनं कूलर पाठवला. पत्र्याचा, मोठ्ठा, नव्या वाळ्याच्या ताट्या लावलेला. मामा फोनवर म्हणे, "माही बहीण तिथं शिजली नाही पाहिजे." दोघा जणांनी तो तिसऱ्या माळ्यावर चढवला. मी खिडकीत बसवला, टाकी भरली, आईले समोर पलंगावर बसवलं अन् बटन दाबलं.

वाळ्याचा वास आला. आईचं तोंड फुललं. "आता कसं घर वाटते," म्हणे.

थोड्या वेळानं चादर ओली. मग भिंत ओली. आपल्याकडच्या कोरड्या हवेत कूलर लावला की पहाटे गोधडी काढा लागते. तिथं हवाच अगोदर भिजलेली, ती अजून पाणी काहून पिईल? पण हे तेव्हा डोक्यात आलंच नाही. मले वाटलं पाणी कमी पडून राहिलं, म्हणून बादलीवर बादली ओतत गेलो. खोलीचं इडलीपात्र झालं.

आवाज ऐकून घरमालकीण काकू वर आल्या. "अहो, हे काय पिंप बसवलंय खिडकीत? इथे कोणी कूलर लावतं का? इथे समुद्राची हवा येते."

आई पदरानं मान पुसत म्हणे, "येते ना बाई. ओल्या फडक्यावानी येते. पिळायची कुठं, तेवढं सांगा."

मी गालात हसलो, पण आईचे डोळे लाल झाले होते. तिनं खरंच प्रयत्न केला हो. फरशीवर झोपली, गच्चीवर झोपली. एसी घेतो म्हटलं तर म्हणे, "त्यानं माहे गुडघे धरतात." झोप काही आली नाही. एका सकाळी उठून पाहतो तर तिची पिशवी दारापाशी भरून ठेवलेली.

"तुह्यावर राग नाही रे," म्हणे. "या हवेले माणूस वाळवताच येत नाही, त्याले तू काय करशीन."

कूलर अजून त्याच खिडकीत आहे. काकूनं टाकीत मनीप्लांट लावला. तिकडं दोनच गोष्टी जोमात येतात, मनीप्लांट अन् बुरशी.

आता मी सुट्टीत अमरावतीले आलो. बाहेर अशी झळ आहे की रस्त्यावर एक ऑटो दिसत नाही. आत आमचा जुना कूलर घरघर करून राहिला, अन् त्याच्यापुढं आई पायावर गोधडी घेऊन निजली आहे. गाढ. मी तिच्या उशाशी बसून हे टाईप करून राहिलो. मी तिले परत चल म्हणायलेच आलो होतो. आता कोणत्या तोंडानं उठवू?

तुमच्यापैकी कोणी नेला का कूलर समुद्राकाठी? अन् मग आई राहिली का?