बारा इंचांना एक पीळ

फौजेतून बाहेर पडल्यावर आठव्या महिन्यात माझं पोस्टिंग ओमानला झालं. पोस्टिंग नाही, नोकरी म्हणायची, असं बायको अजून बजावते. बावीस वर्षं मी इन्फन्ट्रीच्या पलटणींमध्ये आर्मरर होतो, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा. हवालदार म्हणून निवृत्त झालो. बरकाच्या पुढे एका वादीत, म्हणजे नदीच्या कोरड्या पात्रात, एका अर्बाबची खासगी फायरिंग रेंज होती. अर्बाब म्हणजे मालक. तिथल्या शस्त्रागाराचं काम मला मिळालं.

राहायला अल हैलला खोली. ०४४५ ला उठायचं, ०५३० ला व्हॅन, ०६०० ला शस्त्रागाराचं कुलूप काढायचं. ०७०० ला पहिली फायर. दहा वाजता उन्हापायी सगळं खलास.

रेंजवर माझ्याखेरीज फौजी एकच, सुभेदार जेरोम डिमेलो. वसईचे. त्यांच्याकडे बट होता. नागरी वाचकांसाठी सांगतो: टार्गेटच्या पायथ्याशी माणूसभर खोल खंदक असतो, त्याला बट म्हणतात. आत बसून टार्गेट वर-खाली करायचं आणि गोळी कुठे लागली ते वॉकीटॉकीवर कळवायचं. अर्बाब स्क्रीनवाली मशीन आणणार होते, इन्शाल्ला. तोवर खंदकात सुभेदार साहेब स्वतः उतरत. रेंजवरच्या कामगारांना फायर चालू असताना त्यांनी एकदाही आत पाठवलं नाही. ज्याला गोळीचा आवाज वाचता येत नाही त्याने तिथे बसायचं नाही, हा त्यांचा नियम.

आम्हा फौजींची एक खोड आहे. कागदावर रँक सुटते, अंगातून सुटत नाही. कोणी रिटायर्ड कर्नल समोर आला की माझ्या टाचा आपोआप जुळतात. सुभेदार साहेब त्यावरून माझी फिरकी घेत.

"हवालदार, तुला पगार कोण देतो रे? भारत सरकार की अर्बाब?"

"अर्बाब, साहेब."

"मग सॅल्यूट पण त्यालाच ठोक की."

मी हसून सोडून द्यायचो.

रेंजवर असेच एक रिटायर्ड कर्नल साहेब येत. मूळ पुण्याचे. सोहारच्या एका कारखान्यात सुरक्षा सल्लागार. नाव लिहीत नाही, लिहायची इच्छाही नाही. अर्बाबशी त्यांची दोस्ती होती. ओमानात हरणाला हात लावता येत नाही, आणि ते चांगलंच आहे. त्यामुळे हे दोघं परदेशात परवाना काढून शिकारीला जात. अर्बाबच्या वडिलांची एक जुनी सहा मिलिमीटरची रायफल होती, ती कर्नल साहेबांच्या मनात भरली होती. आदल्या वर्षी त्यांनी तिच्यातून हलकी गोळी मारली. गोळी हरणाच्या खांद्यावरच फुटली, आत गेलीच नाही. त्याचा व्हिडिओ त्यांनी मला फोनवर दाखवला. हरीण तीन पायांवर उताराने खाली चाललं होतं.

"बघ, बघ, अजून चालतंय," ते हसत म्हणाले.

मी माणसांच्या जखमा पाहिल्या आहेत. तरी मी "जी साहेब" म्हणालो. ते आठवलं की माझी मलाच किळस येते.

या वर्षी जड गोळी हवी, असं त्यांनी ठरवलं. जड गोळी म्हणजे जनावर जागेवर आडवं, हे त्यांचं शास्त्र. शंभर ग्रेनचे (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) दोन बॉक्स त्यांनी आधीच मागवून ठेवले होते. मग रायफल माझ्याकडे आली. गुरुवारी सकाळी मी तिचा पीळ मोजला. बॅरलच्या आत मळसूत्रासारख्या चऱ्या असतात, त्यांनी गोळीला गरका मिळतो. मोजायची रीत सोपी आहे. क्लीनिंग रॉडला घट्ट चिंधी लावायची, रॉडवर खूण करायची आणि हळूहळू आत ढकलायचा. चऱ्या रॉडला फिरवतात. त्याचा एक गरका पूर्ण होईपर्यंत तो किती आत गेला, ते फूटपट्टीने मोजायचं. मी तीनदा मोजलं. तिन्ही वेळा बारा इंच.

"साहेब, पीळ सैल आहे," मी सांगितलं. "बारा इंचांत एकच गरका. ही शंभरची गोळी यात उभी राहणार नाही."

"का? बसत नाही का?"

"चेंबरमध्ये बसते, साहेब. पण बाहेर पडली की कोलांट्या खाईल. वजन बघू नका, लांबी बघा. तुमची गोळी टोकदार आहे, बुडाला निमुळती आहे, म्हणून लांब झाली. बुटका भोवरा थोड्या गरक्यावर उभा राहतो. लांबट भोवऱ्याला जास्त लागतो."

"मग हरणासाठी काय घेऊ? रबरी गोळी?"

"नव्वद ग्रेनची घ्या. बोथट नाकाची, सपाट बुडाची. आधीच्यापेक्षा जड आहे, तरी आखूड आहे. खांद्यातून आत जाईल आणि हरीण हाल न होता पडेल."

"नव्वद मागवायला महिना जाईल. मला पंधरा दिवसांत निघायचंय. उद्या दोनशे मीटरवर बघू."

फायरिंग पॉइंट, म्हणजे गोळी झाडायची जागा, माझ्या ताब्यात होती. रायफल कोणाला द्यायची आणि कोणाला नाही, हा अधिकार रेंजच्या नियमाप्रमाणे माझा होता. मी नाही म्हणू शकलो असतो. कर्नल साहेब माझे कमांडिंग ऑफिसर नव्हते, ते अर्बाबचे पाहुणे होते. मी टाचा जुळवल्या आणि "जी साहेब" म्हणालो.

जेवताना मी सुभेदार साहेबांना सगळं सांगितलं.

"मग देऊ नको रायफल," ते म्हणाले.

"कर्नल साहेब आहेत."

"असतील. रेंजवर फायरिंग पॉइंट ज्याच्याकडे, हुकूम त्याचा. तुझा." ताट उचलत ते म्हणाले, "बरं, मी बटमध्ये असेन. पहिल्याच राउंडला सांगेन काय ते."

शुक्रवार. ०६५५ ला सुभेदार साहेब खंदकात उतरले. फायरिंग पॉइंटवर मी आणि कर्नल साहेब, दोघंच. अर्बाब मस्कतला होते. ०७०७ ला रेडिओ चेक झाला. ०७१० ला पहिला राउंड.

"बट टू फायरिंग पॉइंट. एक नंबर, उजवीकडे, खाली. भोक आडवं आहे. की-होल. ओव्हर."

गोळी टोकावर गेली तर कागदाला गोल भोक पडतं. आडवी गेली तर लांबट चीर पडते. तिला आम्ही की-होल म्हणतो. की-होल दिसलं की फायर थांबवायची. अशी गोळी पुढे कुठे जाईल, हे कोणालाच सांगता येत नाही.

"साहेब, आडवी गेली," मी म्हणालो.

"थंड बॅरल आहे. अजून एक."

०७१४. दुसरा राउंड.

"बट टू फायरिंग पॉइंट. परत की-होल, फुटभर डावीकडे. फायर बंद करा. ओव्हर."

"साहेब, थांबायला हवं."

कर्नल साहेबांनी गाल रायफलवरून उचललासुद्धा नाही. "हवालदार, मी पुढचा राउंड म्हणालो."

लाल झेंडा माझ्या हातापासून दोन फुटांवर होता. सीज फायर, म्हणजे फायर बंद, हे दोन शब्द बोलायला एक सेकंद लागतो. मी वॉकीटॉकी उचलला आणि म्हणालो, "फायरिंग पॉइंट टू बट. आणखी एकच राउंड, साहेब. डोकं खाली ठेवा. ओव्हर."

वॉकीटॉकी खरखरला.

"रॉजर. आउट."

०७१८. तिसऱ्या राउंडला कागद फाटल्याचा आवाज आलाच नाही. लोखंडाचा आला.

"बट, रिपोर्ट. ओव्हर."

काही नाही.

"बट, रिपोर्ट."

मी सीज फायर ओरडलो, झेंडा उभा केला आणि पळालो. गोळी टार्गेटच्या फ्रेमच्या लोखंडी खांबावर आडवी आपटली होती. तिचा तुकडा खाली खंदकात गेला. सुभेदार साहेब भिंतीला टेकून बसले होते. डोकं खाली होतं, मी सांगितलं होतं तसं. तुकडा मानेच्या बाजूने आत शिरला होता. मी पट्टी दाबून धरली. ०७४९ ला अ‍ॅम्ब्युलन्स आली. ०८१० ला, रस्त्यात, ते गेले. माझा हात तेव्हाही पट्टीवरच होता.

कर्नल साहेब खंदकापाशी आले होते, पण आधी रायफल केसमध्ये ठेवून मग. वरूनच वाकून म्हणाले, "रिकोशे. आपटून उसळली. नशीब."

दुपारी पोलिसांना जबाब द्यायचा होता. त्याआधी त्यांनी मला कँटीनच्या मागे बोलावलं.

"साधं लिही. लोखंडाला लागली, तुकडा उडाला, संपलं. की-होल वगैरे इथे कोणाला कळतंय? आणि तुझीही नोकरी आहे, हवालदार."

माझ्या शर्टावरचं रक्त वाळून कडक झालं होतं. त्यांच्या बुटांवर धूळसुद्धा नव्हती. मला त्यांच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा एका कर्नलसमोर माझ्या टाचा जुळल्या नाहीत. मी म्हणालो, "कळतं. मला कळतं." आणि आत गेलो.

जबाब हिंदीत दिला, दुभाष्याने अरबीत केला. पीळ बारा इंच. गोळी त्याला लांब. बटवरून दोनदा कळवलं. सीज फायरचा अधिकार माझा. तो हुकूम मी दिला नाही. दुभाष्याने शेवटचं वाक्य परत विचारलं. मी परत सांगितलं.

रेंज बंद झाली. प्रकरण अजून चालू आहे. माझं काय व्हायचं ते होईल.

प्रार्थनासभेला कर्नल साहेब काळा सूट घालून आले आणि चार शब्द बोलले. सुभेदार डिमेलो फौजीसारखे गेले, असं म्हणाले. लोकांनी माना डोलावल्या. फौजी मरतो तो चौकीवर, पाठीमागे माणसं असतात म्हणून मरतो. सुभेदार साहेब एका माणसाच्या शिकारीच्या हौसेत गेले, तीही एका आठवड्याच्या सुट्टीची हौस.

सभा संपल्यावर त्यांची मुलगी रिया माझ्याजवळ आली. इथल्या शाळेत दहावीला आहे. मराठी जपून, शब्द शोधत बोलते.

"अंकल, डॅडीने बोलला नव्हता का? बुलेट राँग येते म्हणून?"

"सांगितलं होतं. दोनदा."

"मग?"

वहिनी, तिची आई, पलीकडे उभ्या होत्या. त्यांनीही मान वळवली.

"मग मी त्यांना डोकं खाली ठेवायला सांगितलं."

"आणि डॅडी काय बोलला?"

"रॉजर म्हणाले."

तिला त्याचा अर्थ माहीत होता: हुकूम पोचला. ती वहिनींजवळ जाऊन उभी राहिली.

पलटणीत गेलेल्या माणसाचं नाव रँकसकट घेतात, म्हणून घेतो. सुभेदार जेरोम डिमेलो. रँकने माझ्या वर, वयाने वर, अनुभवाने वर. गोळी आडवी येते हे खंदकात बसून त्यांना दिसत होतं. ते बाहेर पडू शकले असते. पण फायरिंग पॉइंट माझ्याकडे होता, आणि रेंजवर हुकूम फायरिंग पॉइंटचा असतो. मी ज्याचा हुकूम मानला त्याला हुकूम द्यायचा हक्कच नव्हता. सुभेदार साहेबांनी माझा मानला, कारण मला तो हक्क होता.