वगळलेलं चौथं प्रकरण

भूकंपानंतर चार-पाच वर्षांनी मी पीएच.डी.ला नाव नोंदवलं. लातूरच्या एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवत होते, मार्गदर्शक नांदेडचे. विषय होता पुनर्वसित गावांतल्या बायका. सुट्टीच्या दिवशी एसटीनं नव्या वसाहतींत जायचे, ओट्यावर बसून ऐकत राहायचे.

एका विधवेनं मला घराचा कागद दाखवला. नाव तिच्या दिराचं होतं.

"नवरा गेला, दोन लेकरं गेली. अन् यादीत म्या न्हाईच," ती म्हणाली. "लई जण लिहून नेले बाई. तुमी तरी लिव्हा."

मी लिहिलं. अशा बायका गावोगाव होत्या. चौथं प्रकरण त्यांच्यावरच झालं. घरांच्या याद्या कुणी केल्या, कुणाला विचारून केल्या, हेही त्यात आलं. ज्यांनी केल्या त्यांच्यातले एकजण आमच्याच संस्थेचे अध्यक्ष होते.

मार्गदर्शक सरांनी ते प्रकरण वाचलं आणि चष्मा काढून ठेवला. "मॅडम, काम चांगलं आहे. पण हे काढा."

"यात काही चूक आहे का, सर?"

"चूक नाही, म्हणून तर काढा म्हणतोय. तुम्हाला नोकरी करायची आहे, मला सही करायची आहे."

मी अडून बसले. पुढचं वर्षभर नांदेडला खेटे घातले. सर कधी लग्नाला गेलेले असायचे, कधी मीटिंगला. इकडे कॉलेजात माझे बी.ए.चे तास कमी झाले आणि बारावीच्या खास तुकडीवर हजेरी घ्यायचं काम माझ्याकडे आलं. ती मुलं पहाटेपासून क्लासेस करून पेंगत यायची. शेवटी मी प्रकरण काढलं. पाचव्याचं चौथं केलं, अनुक्रमणिका नव्यानं टाइप करून घेतली.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या वयस्कर बाईंनी प्रबंध चाळत विचारलं, "घरांची मालकी कुणाच्या नावावर झाली, हे तुम्ही कुठेच पाहिलं नाही?"

मी तोंड उघडायच्या आत सर म्हणाले, "ते कक्षेबाहेर होतं."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मी म्हणाले, "हो, कक्षेबाहेर." माझं अभिनंदन झालं, पेढे वाटले गेले.

आता मी स्वतः मार्गदर्शक आहे. मागच्या वर्षी जळकोटकडची एक विद्यार्थिनी आली. तिला लातूरच्या क्लासेससाठी आलेल्या, खोल्या करून राहणाऱ्या मुलींवर काम करायचं होतं. आमच्या संस्थेचेही क्लासेस आहेत, वसतिगृह आहे. मी म्हणाले, "विषय चांगला आहे, पण जरा..."

"पण काय, मॅडम?"

स्वतःचीच किळस आली. मी तिथंच आराखड्यावर सही केली.

संशोधन समितीनं तो तीनदा परत पाठवला. एकदा शीर्षक लांब म्हणून, एकदा संदर्भ कमी म्हणून, तिसऱ्यांदा काहीच कारण न देता. परवा ती विचारत होती, "मॅडम, विषय बदलू का? घरचे म्हणतात, किती दिवस थांबणार."

बदलू नको, असं मी तिला सांगितलं. चौथ्यांदा पाठवतोय. पण तिची वर्षं मी कशाच्या जोरावर अडकवून ठेवतेय?