कावळ्याशी घासाघीस

माझ्या सख्ख्या धाकट्या भावाने, सुहासने, मला फसवलं. बाबा बावीस दिवस अंथरुणाला खिळले होते आणि हा रोज फोनवर सांगत होता, "बरे आहेत रे दादा. आत्ताच पेज प्यायले." तेविसाव्या दिवशी म्हणाला, "निघ." आंबा घाट उतरून पावसजवळच्या आमच्या वाडीत पोचलो, तेव्हा पडवीत माणसं बसली होती आणि मला बघून सगळ्यांनी माना खाली घातल्या.

एकोणिसाव्या वर्षी गाव सोडलं तेव्हा बाबा रत्नागिरी स्टँडवर सोडायला आले होते. "कोणाशी भांडू नको रे," एवढंच म्हणाले. एसटीत चढलो, तर खिडकीच्या जागेवर कोणीतरी रुमाल टाकलेला. रुमाल टाकला म्हणजे जागा झाली काय, म्हणून मी भांडलो आणि ती जागा मिळवली. टेकून बाहेर पाहिलं, तर स्टँड मागे पडला होता. बाबांनी हात केला होता की नाही, मला आजही माहीत नाही.

भोसरीत मी बंद पडलेल्या कारखान्यांची जुनी मशिनं घेतो, दुरुस्त करून विकतो. कोणाच्या वशिल्याशिवाय उभा राहिलो. समोरचा किती थकलाय, हे मी तो चहाचा कप कसा ठेवतो त्यावरून ओळखतो. ज्याला उठायची घाई, तो हरतो. इथे मला शेठ म्हणतात. घरी मुलं माझ्या कोकणी हेलाची नक्कल करून हसतात, आणि गावात पाय ठेवला की "आले पुणेकर" ऐकू येतं. बाहेर पडलेल्या आपल्या माणसांना हे वेगळं सांगायला नको.

बाबा कोळणीने सांगितलेला भाव मुकाट्याने द्यायचे. मी चिडलो की म्हणायचे, "उन्हातून आली आहे रे ती." मला वाटायचं, या माणसाला जग कळत नाही.

दहाव्या दिवशी खाडीच्या कडेला चिऱ्यावर पिंड ठेवला. कावळा समोरच्या माडावर होता, पण खाली येईना. भटजी म्हणाले, "काही इच्छा राहिली असेल. बोला, तुम्ही थोरले."

मी बोललो. घर पडू देणार नाही. कावळा बसून. बागेला कुंपण घालीन. बसून. जमीन विकणार नाही, गणपतीला दरवर्षी येईन, सुहासच्या मुलीचं शिक्षण माझ्याकडे. कावळ्याने मान फिरवली. मागून शेजारचे तात्या पुटपुटले, "अरे, हा तर सौदा करतोय." कोणीतरी हसू दाबलं. माझा आवाज चढला. "मग हवंय तरी काय तुम्हाला?" मी बापावर ओरडलो, मुंडण केलेल्या डोक्याने, ओल्या पंच्यात.

भटजी दर्भाचा कावळा करायला बसले. तेवढ्यात सुहास पुढे झाला. हात जोडून, ओठ जेमतेम हलवत, एक वाक्य बोलला. कावळा उतरला आणि पिंडाला शिवला.

त्या दुपारी मी त्याची गचांडी धरली. आजार का लपवलास? तो शांतपणे म्हणाला, "बाबांनीच सांगितलं होतं. तो येईल नि डॉक्टरांशी भांडेल. मला निवांत पडू दे."

आणि कावळ्याला काय सांगितलंस?

"ते तुझ्यासाठी नव्हतं, दादा."

त्याला आता वर्ष होईल. घराची कौलं बदलली, कुंपण घातलं, बोललो ते सगळं केलं. कोणी मागितलं नव्हतं, हे आता कळतं. माणूस जाताना त्याला काय हवं असतं, हे मला ओळखता आलं नाही. अनोळखी माणसाला चहाच्या कपावरून ओळखणाऱ्या मला. कधी वाटतं, ते वाक्य माझ्याबद्दलच असेल. 'दादाला मी सांभाळून घेईन,' असं काहीतरी. पन्नाशीच्या शेठला सांभाळायचं म्हणे. तसं असेल तर बाबांचा जीव घरात नव्हता अडकला, बागेतही नव्हता.

गाव म्हटलं की आता मला ना समुद्र आठवतो, ना पडवी. तुझे हलणारे ओठ दिसतात.

सुहास, हे तू वाचशील. तो माझाही बाप होता. काय बोललास ते सांग. यावेळी मी घासाघीस करणार नाही.